पेढीवरचं नाव

जालना
१४ जुलै २०२५

रितिका,

पाकिटावर मुद्दाम तुझ्या ऑफिसचा पत्ता घातला आहे. घरी आलं असतं तर अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून दिलं असतंस. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, त्याला आता चार वर्षं होत आली. काळजी करू नकोस, मैत्रीबद्दल या पत्रात एक ओळही नसेल. तू सीए आहेस, हैदराबादला आहेस, आणि मला जालन्याबाहेरचा सीए हवा आहे. इथले सगळे तुझ्या दादाजींना वाकून नमस्कार करतात. वाकलेल्या माणसाला समोरचा कागद नीट वाचता येत नाही.

धापूबाई कन्या वसतिगृहाच्या ट्रस्टला आयकर खात्याची नोटीस आली आहे. दादाजींना वेगळी आली आहे. दोन्हींत प्रश्न एकच आहे. पेढीतला वाटा नक्की कोणाचा?

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मलाच ते नीट दिसत नाही. २०२१ च्या दिवाळी पाडव्याला दादाजींनी दाल मिलच्या पेढीतला आपला सगळा वाटा तुझ्या दादीच्या नावाने चालणाऱ्या या ट्रस्टला लिहून दिला. भागीदार म्हणून नाव मात्र स्वतःचंच ठेवलं. का, तर तुमच्यात जिवंत माणसाचं नाव पेढीवरून उतरवत नाहीत. तेव्हा सगळ्यांना ते फार छान वाटलं होतं. वाटा मुलींचा, नाव सेठजींचं.

आता कर कसा लागतो ते बघ. नफ्यावर पेढी स्वतः कर भरते, तो विषय तिथेच संपतो. पण भागीदाराच्या भांडवलावर पेढी जे व्याज देते, त्याचा कर भागीदाराने भरायचा असतो. दादाजींच्या भांडवलाचं व्याज थेट वसतिगृहाच्या खात्यात येतंय. दादाजी म्हणाले, वाटा दिला, आता माझा काय संबंध, म्हणून त्यांनी कर भरला नाही. ट्रस्ट म्हणाला, आम्ही धर्मादाय, आम्हाला माफी आहे, म्हणून ट्रस्टनेही भरला नाही. मधल्या मध्ये ते उत्पन्न कोणाचंच राहिलं नाही.

खातं म्हणतं, एक काहीतरी ठरवा. वाटा ट्रस्टचा असेल, तर धर्मादाय ट्रस्टला चालत्या धंद्यात वाटा ठेवता येत नाही. दान म्हणून आलाच तर पुढचं आर्थिक वर्ष संपायच्या आत तो मोकळा करावा लागतो. आम्ही केला नाही. मग या उत्पन्नावरची माफी जाते आणि तिसरा हिस्सा करात जातो. वसतिगृहाचं बाकी उत्पन्न ते किती! आणि वाटा दादाजींचाच असेल, तर कर त्यांनी भरायचा. वसतिगृहाला मिळालं ते साधं दान ठरतं आणि त्याला कोणी हात लावत नाही.

माझ्या मते वाटा दादाजींचाच आहे. भागीदाराने आपला वाटा दुसऱ्याला लिहून दिला, तरी घेणारा भागीदार होत नाही. त्याला फक्त येणारे पैसे मिळतात. कमाई आधी देणाऱ्याची होते, मग ती दुसऱ्याकडे जाते. मी वाचलेले वरच्या कोर्टाचे निकालही याच बाजूचे आहेत. हे बरोबर आहे का, एवढंच कळव. फी असेल तर सांग.

मी विश्वस्त आहे. वसतिगृहातली पहिली पदवीधर म्हणून त्याच पाडव्याला मला विश्वस्त केलं, हार घातला आणि हातात माइक दिला. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं. काय वाचायचं ते कोणी दाखवलं नाही.

ज्योत्स्ना


जालना
६ ऑगस्ट २०२५

रितिका,

उत्तर नाही. पोचल्याची सही मात्र पोस्टाच्या वेबसाइटवर दिसते. तुमच्या ऑफिसातल्या कुणा श्रीनिवासने घेतलंय पत्र. त्याला माझा नमस्कार सांग, निदान त्याने तरी हातात घेतलं.

काल मोंढ्यात तुमच्या पेढीवर गेले होते. गादी तीच, पंखा तोच, आवाजही तोच. तुझे पप्पा, राधेश्याम काका, फोनवर तुरीचा भाव ओरडत होते. तुझा भाऊ अर्पित मला पाहून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या वकील मॅडम! पप्पा, खुर्ची रिकामी करा, ज्योत्स्नादीदी नोटीस घेऊन आली." मी म्हटलं, मी वकील नाही, बी.कॉम. आहे. तर म्हणतो, "तेच म्हणतो ना, वकील फी घेऊन जातो तरी. तू चहा पण घेत न्हाईस."

दादाजी लोडाला टेकून बसले होते. पाय सुजले आहेत. ऐकू येतं, पण त्यांना हवं तेच. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. म्हटलं, "दादाजी, फक्त एवढं लिहून द्यायचं की वाटा माझाच होता, ट्रस्टला मी त्यातून येणारे पैसे देत होतो. मागचा कर तुम्ही भरायचा. मुलींना काही होत नाही."

त्यांनी सुजलेला पाय हाताने उचलून सरळ केला. मग म्हणाले, "बेटी, कर किती?"

मी आकडा सांगितला.

"भर दूंगा. आजच भरतो. कराची बात न्हाई. पण ते लिहून देणार न्हाई. धापूच्या फोटोसमोर मी वाटा दिला. आता लिहून देऊ की दिलाच न्हाई? थुंकलेलं चाटू?"

"पण कायद्याने तो गेलाच नव्हता, दादाजी. तुमचं नाव भागीदारीत राहिलं ना."

"नाव तो रहेगाच. नाव उतरतं तेव्हा माणूस आधी उतरलेला असतो."

राधेश्याम काकांनी फोनवर हात ठेवून मला खुणेने सांगितलं, आता जा. म्हणजे हा माणूस कर भरायला एका पायावर तयार आहे, पण का भरायचा ते मान्य नाही! आणि कारण न लिहिता भरलेला कर खात्याच्या पोर्टलवर कोणत्या रकान्यात टाकायचा? पूर्वी म्हणे अधिकाऱ्यासमोर जाऊन बसता यायचं. आता सगळं ऑनलाइन, समोर माणूसच नाही. माणूस असता तर मी त्याला दादाजींकडेच घेऊन गेले असते, म्हटलं असतं, तुम्हीच समजावा.

परत आले तर वसतिगृहाच्या मेट्रन, बेबीनंदा मावशी, गेटातच उभ्या. "काय म्हणले सेठजी?" मी म्हटलं, दिलेलं परत घेणार नाही म्हणाले. मावशी म्हणाल्या, "मंग चांगलंच की! तू तोंड कशाला पाडून राह्यली?" या बाईंना मी काय सांगू? सेठजी दिलेलं परत घेत नाहीत म्हणूनच तुमचं दुकान बंद होणार आहे, हे कुठल्या भाषेत सांगायचं?

मोनालीला तर काहीच सांगितलेलं नाही. मोनाली म्हणजे माझी धाकटी बहीण, ती आता याच वसतिगृहात राहते. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तिच्यासाठी मी हे करते आहे असं तुला वाटायला नको होतं. थोडं तिच्यासाठीही आहे.

ज्योत्स्ना


जालना
३१ ऑगस्ट २०२५

रितिका,

हे पत्र वसतिगृहाच्या ऑफिसात बसून लिहिते आहे. हल्ली दिवसभर इथेच असते. इथे पंखा चांगला आहे.

विश्वस्तांची बैठक झाली. अध्यक्ष दादाजी, ते आलेच नाहीत. बाकीच्यांनी चहा घेतला, पोह्यात मीठ कमी आहे यावर एकमत झालं आणि मग ठरलं की करमाफीचा निकाल लागेपर्यंत नव्या मुली घ्यायच्या नाहीत. पुढच्या जूनपर्यंत सुटलं नाही तर वसतिगृह "तात्पुरतं स्थगित". कॉलेजं इथेच असतील, एसटी इथेच असेल, फक्त मुली मंठ्याला, अंबडला आपापल्या घरी बसतील. तात्पुरतं. मुलगी एकदा घरी बसली की काय होतं ते त्या सभेत एकट्या मला माहीत होतं. मी बोलले. तर एक जण म्हणाले, "ज्योत्स्नाताई भाषण फार सुंदर करतात." सगळे हसले.

शालू नावाची एक मुलगी आहे, मंठ्याकडची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने बाहेरून ऐकलं असावं. मला येऊन विचारलं, "ताई, म्हणजे सेठजी लई चांगले आहेत म्हणून आपलं बंद होणार का?" मी तिला अभ्यासाला जा म्हणून सांगितलं. तिच्याइतकं नेमकं कोणीच बोललं नव्हतं.

आता देवानंद सरांचं. तुझ्याच घराण्याचे कर सल्लागार आणि माझे साहेब. २०२१ चं ते दानपत्र त्यांनीच केलं होतं, तेव्हा त्यांचा जीव माझ्यापेक्षा जास्त टांगणीला आहे. त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळून जाईल. मार्च २०२३ च्या आत ट्रस्टने वाटा सेठजींना परत केला, असा कागद करून टाकू. मुदतीच्या आत. ट्रस्ट सुटला. विश्वस्त म्हणून तुझी सही लागेल."

मी म्हटलं, "सर, मार्च २०२३ ला मी तुमच्याच ऑफिसात होते. असं काही झालं नाही."

"म्हणूनच तर तुझी सही चांगली. साक्षीदार आणि विश्वस्त एकच."

"मी नाही करणार."

सर मागे टेकले. "चांगलं काम थांबवायला चांगली माणसंच लागतात बघ, मॅडम. त्या पोरी रस्त्यावर आल्या तर तुझ्या खरेपणामुळे येतील. लई शिकली तू."

मी उठून आले. दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. मला कोणी काढलं नाही. कोणी काही बोललंच नाही. म्हणून मी इथे असते. पंख्याचं खोटं नाही, तो चांगलाच आहे.

बाबा बदनापूरहून आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माझे बाबा, पुंजाराम, सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात गेलं, पण बोलायला कुणाला भीत नाहीत. मला म्हणाले, "बापलेकीच्या, आजानातीच्या भांडणात तू कशाला मधी पडून राह्यली? त्याहीचं मोठं घर हाये. ते उद्या एक होतील."

मी म्हटलं, हे त्यांचं भांडण नाही, हा कराचा प्रश्न आहे.

बाबा म्हणाले, "कराचा असता त कर भरून मिटला असता."

मला त्यांचा रागच आला. सगळ्यांचाच येतो आहे सध्या. पण ते गेल्यावर तीच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. कराचा असता तर कर भरून मिटला असता.

तुझं उत्तर नाहीच. असो.

ज्योत्स्ना


जालना
२१ सप्टेंबर २०२५

रितिका,

आज मैत्रीबद्दल लिहिणार आहे. नको असेल तर इथेच थांब. श्रीनिवासला वाचायला दे.

पुन्हा दादाजींकडे गेले होते. या वेळी घरी, दुपारी. तुझ्या आईने दार उघडलं आणि मला आत घेताना रस्त्याकडे बघून घेतलं. दादाजींना मी म्हटलं, तुम्ही वाटा द्यायचाच म्हणता ना? मग आता खरोखर द्या. आजवर दिला नाही, फक्त देतो म्हणालात. ते चिडले. बरं वाटलं मला, निदान ऐकत होते.

मी म्हटलं, "नाव ठेवून वाटा जात नाही, दादाजी. कायद्यात तरी नाही. तुम्ही भागीदारीतून निवृत्त व्हा. तुमच्या खात्यावरचं भांडवल पेढीकडून घ्या, हप्त्याने घ्या, काका एकदम देऊ शकणार नाहीत. फक्त खात्यावरची रक्कम घेतली तर त्यावर नवा कर लागत नाही. ते पैसे वसतिगृहाला द्या. आम्ही बँकेत ठेवू आणि व्याजावर वसतिगृह चालवू. मग खात्याला विचारायला काही उरत नाही. आणि दादीलाही दिलेला शब्द खरा होईल."

"आणि पाटी?"

"पाटी राहील. पेढीचं नाव तुमचंच, हुकमचंद, राहू दे, त्याला कायद्याची ना नाही. फक्त सही जाईल."

पहिल्यांदा ते हसले. "पाटी राहील, सही जाईल. वा. देवानंदने हे कधी सांगितलं न्हाई."

मला वाटलं, जमलं. पण म्हणाले, "बेटी, गादी रिकामी ठेवून अपने यहां कोणी उठत न्हाई. उठायच्या आधी तिथे बसणारा लागतो. माझे बापूजी उठले तेव्हा मी बसलेला होतो."

"अर्पित आहे की."

"अर्पित त्याच्या जागेवर बसलेला आहे. ही जागा माझी. याच्यावर दुसरं नाव लागेल."

आणि मग मी, न ठरवता, तुझं नाव घेतलं.

रितिका, त्या पाडव्याला आत काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. तू मंडपातून उठून गेलीस एवढंच मला दिसलं. त्या वेळी मी माइकवर होते. त्या दिवशी मला ते काल सीए झालेल्या मुलीचा गर्व वाटला होता. परवा दादाजींनी सांगितलं. सकाळी तू त्यांना म्हणालीस, अर्पितला भागीदार करताय, तो बारावी होता होता राहिलाय, मी सीए झाले, माझंही नाव घाला. आणि ते म्हणाले, मुलीचं नाव पेढीवर चढवत नाहीत. उद्या ती सासरी जाते, नाव उतरवावं लागतं, आणि अपने यहां नाव उतरवत नाहीत.

त्यांना यात काही वाईट वाटलेलं नव्हतं. नियमच सांगत होते. आणि एका तासाने त्याच मांडवात त्यांनी परक्या पोरींना आपला सगळा वाटा देऊन टाकला, आणि मी, त्यातलीच एक परकी पोर, उभी राहून म्हणाले की सेठजींनी जालन्याच्या प्रत्येक मुलीला घरची लेक मानलं.

मी माफी मागणार नाही. ते वाक्य मी मनापासून म्हटलं होतं. मला वर्षभर जेवण आणि कॉट त्याच माणसाने दिली होती. तू मला आधी सांगायला हवं होतंस. तू सांगितलं नाहीस, फक्त ब्लॉक केलंस. हेही खरं आहे ना?

पण एक गोष्ट मला आता दिसते, आणि तुला ती तेव्हाच दिसली होती. जाताना तू देवानंद सरांना म्हणाली होतीस, हा कागद टिकणार नाही. सगळ्यांना वाटलं रागात बोलते आहे. त्यांचं नाव उतरू शकत नाही, म्हणून वाटा जात नाही. तुझं नाव उतरवावं लागेल, म्हणून चढत नाही. दोन्हीकडे तीच एक अडचण आहे. खात्याची नोटीस तिच्यावरच आली आहे, पाठवणाऱ्याला ठाऊक नसलं तरी.

तर मी तुझं नाव घेतलं. दादाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वो आएगी?"

"विचारते."

"तिला विचारायचं तर मी विचारायला पाहिजे." असं म्हणाले खरे. पण फोन समोरच होता आणि त्यांनी उचलला नाही. चार वर्षं ते नातीला फोन करत नाहीत, कारण तिने आधी करावा. तू करत नाहीस, कारण त्यांनी आधी करावा. तुम्ही दोघं एकाच कारखान्यातला माल आहात.

नवीन भागीदारी पत्र तुमच्याकडे पाडव्यालाच होतं. यंदा पाडवा २२ ऑक्टोबरला आहे. खात्याला उत्तर द्यायची वाढवून मागितलेली मुदत त्याच आठवड्यात संपते. तू भागीदार व्हायला तयार असशील तर पॅन, आधार आणि फोटो लागतील, सह्या करून. पत्ता वसतिगृहाचाच घाल. देवानंद सरांचा नको.

तुला हैदराबाद सोडायला कोणी सांगत नाही. भागीदार दुसऱ्या गावी राहू शकतो, हे मी तुला सांगायला नको.

ज्योत्स्ना


जालना
५ ऑक्टोबर २०२५

रितिका,

दोन आठवडे झाले. मी रोज अकरा वाजता गेटात उभी राहते. पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. बेबीनंदा मावशींना वाटतं माझं लग्न जमतंय. परवा हळूच विचारलं, "मुलगा हैदराबादचा हाय का ग?"

अर्पितने काल फोन केला. कधी नव्हे तो चेष्टा न करता बोलला. म्हणाला, "दादाजी रोज विचारतात, चिठ्ठी आली का. तिला सांग, मी काही मनाला लावून घेणार न्हाई. माझ्या बाजूला बसली तर हिशोब तरी बराबर राहील. पप्पांना पण मी सांगितलं." मी विचारलं, तूच का फोन करत नाहीस तिला? तर म्हणे, "तिने मला पण ब्लॉक केलंय."

कोणाकोणाला ब्लॉक केलं आहेस तू? आम्हा सगळ्यांना एका बाजूला उभं करून दार लावून घेतलंस आणि आत बसून तू बरोबर होतीस. होतीसच! चार वर्षांपूर्वी एकटी तूच बरोबर होतीस. मग आता? तू बरोबर असल्याचा शालूला काय उपयोग? माझ्या बहिणीला काय उपयोग? देवानंद सर मला म्हणाले की माझ्या खरेपणामुळे पोरी रस्त्यावर येतील. तेव्हा मला राग आला. आज तेच मी तुला म्हणते आहे, तुझ्या खरेपणामुळे येतील. आणि ते लिहिताना मला तितकाच राग येतो आहे, कारण सरांसारखं बोलावं लागलं.

आता पुढचं पत्र मी लिहिणार नाही.

ज्योत्स्ना


जालना
१२ ऑक्टोबर २०२५

रितिका,

लिहिते आहे.

तुझं पाकीट काल आलं. शिक्का पाहिला, तर माझं मागचं पत्र तुला पोचायच्या आधी ते निघालेलं आहे. तेव्हा ते पत्र फाडून टाक. श्रीनिवासने वाचलं असेल तर त्याला सांग, बाई एरवी बरी आहे.

पाकिटात चिठ्ठी शोधली. पालथं घालून झटकलं. पॅन कार्डाची प्रत, आधारची प्रत आणि फोटो, बस्स. मग पॅनच्या प्रतीवर तू आडवं लिहिलेलं वाचलं. प्रतीवर कशासाठी दिली ते लिहावं, म्हणजे कोणी दुसरीकडे वापरत नाही, हे तूच मला कॉलेजात शिकवलं होतंस. "फक्त भागीदारीसाठी. सत्कारासाठी नाही." खाली सही.

मी गेटातच खाली बसले. मावशी धावत आल्या. "नकार आला का ग?" मी म्हटलं, नाही, होकार. "मंग रडून कशाला राह्यली? लई दिवस लावले त्यानं, पण आला ना." त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही. आनंदात आहेत.

तशीच दादाजींकडे गेले. ते जेवून बसले होते. मी प्रत हातात दिली. त्यांनी भिंग मागवलं.

"चिठ्ठी?"

"नाही."

"फोनचं काही?"

"नाही, दादाजी. एवढंच."

त्यांनी तुझा फोटो बघितला, मग ती आडवी ओळ वाचली. मग मला वाचायला लावली. मग राधेश्याम काकांना बोलावून पुन्हा मला वाचायला लावली. काका खाली बघत होते. दादाजी म्हणाले, "देख राधेश्याम. एक शब्द जास्त न्हाई, एक शब्द कम न्हाई. ही पेढीवर बसायला पाहिजे होती." काका म्हणाले, "तेव्हा तुम्हीच..." आणि थांबले. दादाजी म्हणाले, "हां. मीच."

माझ्यासमोर एवढंच झालं. तुला यापेक्षा जास्त हवं असेल तर ते तुलाच येऊन मागावं लागेल, माझ्याकडे नाही.

खात्याचं उत्तर मी लिहून नेलं होतं. वाटा कायद्याने त्यांचाच राहिला, ट्रस्टला त्यांनी आपल्या उत्पन्नातून दान दिलं, मागच्या वर्षांचा कर व्याजासकट ते भरतील. मला वाटलं पुन्हा थुंकलेलं चाटण्यावर येतील. त्यांनी दादीच्या फोटोकडे पाहिलं आणि मारवाडीत काहीतरी म्हणाले. मला फक्त "धापू" आणि "पाडवा" कळलं. मग सही केली. ट्रस्टचं उत्तर आम्ही वेगळं देतो आहोत. खातं ते मानेलच असं मी म्हणत नाही. मला आता कोणतीच गोष्ट मानली जाईल असं वाटत नाही. पण यावेळी कागदावर जे आहे ते खरं आहे. देवानंद सरांचा स्टॅम्प पेपर त्यांच्याच कपाटात आहे. मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार नाही. शहरात एका नव्या सीएकडे बोलणं चाललं आहे. पगार कमी आहे.

निवृत्तीचं आणि नव्या भागीदारीचं पत्र वेगळ्या वकिलाकडून करून घेतलं आहे. मसुदा सोबत आहे. वाच, लाल पेनने खोड, तुझी सवय मला माहीत आहे. दादाजींची अट एकच आहे. आधी तू गादीवर बसायचं, मग ते उठणार. तुझा फोटो गादीवर ठेवलेला चालणार नाही म्हणाले, त्यामुळे यावं तुलाच लागेल. सही पाडव्याला सकाळी आहे. रात्रीच्या गाडीने निघालीस तरी पोचतेस. त्यांना फार वेळ लोडाशिवाय बसवत नाही, तेव्हा उशीर करू नकोस.

पेढीवर मंडप घालायचं अर्पितने ठरवलं होतं, दादाजी उतरणार म्हणून. हार, बँड, जालन्यातली सगळी मोठी माणसं. दादाजींनी तुझी ओळ पुन्हा वाचायला लावली आणि सगळं रद्द केलं.

माइकवाल्याला मी स्वतः जाऊन नको म्हणून सांगितलं.

ज्योत्स्ना